ब्लड कॅन्सरच्या रुग्णाला ताप-खोकला : ‘एक्स-रे नॉर्मल’ म्हणजे फुफ्फुस ठीक, असं नाही

केमो घेऊन रुग्ण घरी येतो. पहिले आठ दिवस बरे जातात. मग एखाद्या संध्याकाळी अंग कसकसतं, थोडा कोरडा खोकला सुरू होतो. गावातल्या दवाखान्यात सुई आणि दोन दिवसांच्या गोळ्या होतात. तालुक्याला एक्स-रे काढला जातो. ‘एक्स-रे क्लिअर आहे, छातीत काही नाही’ असं ऐकून घरचे निर्धास्त होतात. तिसऱ्या दिवशी रुग्णाला चार पावलं चालवत नाही, आणि रात्री गाडी करून शहर गाठावं लागतं.

परांडा, भूम, वाशी, कळंबकडून बार्शीला आणि तुळजापूर, लोहारा, उमरग्याकडून सोलापूरला कॅन्सरच्या उपचारासाठी ये-जा करणारी कुटुंबं आपल्या भागात आहेत. त्यांच्यासाठी हा विषय महत्त्वाचा आहे. ल्युकेमिया, लिम्फोमा, मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये बरेच रुग्ण मूळ आजारापेक्षा उपचारादरम्यान फुफ्फुसात होणाऱ्या गुंतागुंतीने दगावतात. ती वेळेत ओळखली तर बऱ्याचदा बरी होते. पण ती ओळखण्याची पद्धत नेहमीच्या खोकल्या-तापापेक्षा वेगळी आहे.

हा ताप वेगळा का?

शरीरात जंतू शिरला की पहिल्यांदा धावून जातात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. ब्लड कॅन्सरमध्ये या पेशी मुळात कमी किंवा कामाच्या नसतात. त्यात केमोमुळे त्या आणखी घटतात. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत त्यांचा आकडा सर्वांत खाली जातो. तीव्र ल्युकेमियाच्या पहिल्या मोठ्या केमोनंतर तर दोन-तीन आठवडे तो तळाशीच राहू शकतो.

हा आकडा सीबीसी रिपोर्टवरून घरीही काढता येतो. एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणायचं आणि १०० ने भागायचं. एकूण पेशी १,२०० आणि न्यूट्रोफिल २० टक्के असतील तर आकडा आला २४०. निरोगी माणसात तो १,५०० च्या वर असतो. ५०० च्या खाली गेला की धोका मोठा. अशा वेळी ताप एकदा जरी १०१ फॅरनहाइटला गेला, किंवा १००.४ वर तासभर टिकला, तर ती तातडीची वेळ समजतात. थर्मामीटर काखेत लावला तर आकडा थोडा कमीच दिसतो, हेही ध्यानात ठेवायचं.

आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की असा रुग्ण दवाखान्यात पोहोचल्यापासून तासाभराच्या आत शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं पाहिजे. ‘सकाळी बघू’ म्हणायला इथे जागा नाही.

दोन गोष्टींमुळे घरचे फसतात. पहिली म्हणजे स्टेरॉईड किंवा तापाची गोळी चालू असेल तर ताप दिसतच नाही, आजार मात्र आत वाढत राहतो. दुसरी म्हणजे मायलोमा आणि क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमियाच्या रुग्णांत पेशींचा आकडा चांगला असला तरी त्यांच्या शरीरात प्रतिकार करणारी प्रथिनं कमी बनतात. त्यांना साधा न्यूमोनियाही जोरात होतो. ‘पेशी नॉर्मल आहेत’ म्हणून गाफील राहून चालत नाही.

एक्स-रे का फसवतो?

न्यूमोनियात एक्स-रेवर जो पांढरा डाग दिसतो, तो बराचसा पांढऱ्या पेशी आणि पाणी तिथे गोळा झाल्यामुळे दिसतो. बेडका पिवळा, घट्ट होतो तोही या पेशींमुळेच. ज्याच्या अंगात या पेशीच उरल्या नाहीत, त्याच्या फुफ्फुसात जंतू वाढत असले तरी डाग फिका असतो किंवा दिसतच नाही. बेडका पडत नाही. छातीला स्टेथोस्कोप लावला तरी आवाज जवळपास स्वच्छ येतो.

१९९० च्या दशकात जर्मनीतल्या डॉक्टरांनी हे तपासून पाहिलं. पांढऱ्या पेशी कमी, ताप उतरत नाही, पण एक्स-रे नॉर्मल, अशा रुग्णांचा त्यांनी बारीक कापांचा सीटी स्कॅन केला. जवळपास निम्म्या वेळा सीटीत न्यूमोनियाच्या खुणा सापडल्या. तेव्हापासून कॅन्सरच्या दवाखान्यात अशा तापाला एक्स-रेवर थांबत नाहीत.

‘एक्स-रे तर नॉर्मल आलाय, मग सीटी कशाला? खर्च वाढवायला?’ हा प्रश्न डॉक्टरांना नेहमी ऐकावा लागतो. त्याचं उत्तर हे आहे. या कामाला बहुतेक वेळा साधा सीटी पुरतो, शिरेतून डाय देण्याची गरज नसते. फुफ्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी असल्याची शंका असेल तरच डाय देऊन सीटी काढतात.

उलटाही प्रकार घडतो. पेशी पुन्हा वाढू लागल्या की त्या फुफ्फुसातल्या जखमेकडे धावतात आणि डाग पहिल्यापेक्षा मोठा दिसू लागतो. बुरशीच्या आजारात तर योग्य औषध चालू असतानाही पहिले सात ते दहा दिवस डाग वाढू शकतो. नुसत्या फिल्मवरून ‘औषध लागू पडत नाही’ असं ठरवून दवाखाना बदलणं अशा वेळी नुकसानीचं ठरतं.

डाग एक, कारणं अनेक

सीटीवर डाग दिसला तरी काम अर्धंच झालं. तो कशाचा आहे हे शोधायचं असतं, कारण एका कारणाचं औषध दुसऱ्या कारणात घातक ठरू शकतं.

जंतूंचा न्यूमोनिया : पेशी घसरल्यावर पहिल्या आठवड्यात बहुधा हाच होतो. म्हणून रिपोर्टची वाट न पाहता आधी अँटिबायोटिक देतात.

बुरशी : पेशी दहा दिवसांपेक्षा जास्त काळ खाली राहिल्या की ॲस्परजिलस नावाच्या बुरशीची भीती असते. हिचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात. ओलसर कडबा, जुनं भुसकट, शेणखत, बुरसलेलं धान्य, पाडकामाची धूळ इथे ते जास्त असतात. निरोगी माणसाला त्याने काही होत नाही, या रुग्णाच्या फुफ्फुसात मात्र ते रुजतात. सीटीत गाठीसारखा डाग आणि त्याभोवती धूसर कडं दिसतं, चंद्राला खळं पडतं तसं. ही खूण सुरुवातीचे काही दिवसच स्पष्ट असते, म्हणून सीटी लवकर काढावा लागतो. दुसरी बुरशी म्यूकर. करोनाच्या दुसऱ्या लाटेत ‘ब्लॅक फंगस’ म्हणून आपण तिला ओळखलं, तीच. तिच्यात कधी कधी उलटं चित्र दिसतं, मध्ये धूसर आणि कडेला दाट कडं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण ॲस्परजिलसवर चालणारं व्होरिकोनाझोल म्यूकरवर चालत नाही. तिथे ॲम्फोटेरिसिन लागतं.

पीसीपी : न्यूमोसिस्टिस नावाच्या बुरशीचा हा न्यूमोनिया. दीर्घकाळ स्टेरॉईड घेणारे, लहान मुलांच्या एएलएल ल्युकेमियातले आणि लिम्फोमाचे रुग्ण यात सापडतात. कोरडा खोकला, चाललं की धाप आणि ऑक्सिजन खाली, पण एक्स-रे सुरुवातीला स्वच्छ. हा टाळण्यासाठी डॉक्टर सेप्ट्रानसारखी गोळी आठवड्यातून ठरावीक दिवशी देतात. ‘साधीच गोळी आहे’ म्हणून ती बंद करू नका.

टीबी : जगातले साधारण चौथा हिस्सा टीबी रुग्ण भारतात आहेत. त्यामुळे आपल्याकडे प्रत्येक डागामागे टीबीचा विचार करावाच लागतो.

विषाणू : फ्लू, करोना आणि इतर सर्दीचे विषाणूही या रुग्णांच्या फुफ्फुसात उतरतात. घरातल्या लेकराची सर्दी त्यांना महागात पडते.

जंतू नसतानाही दम लागतो

इथेच निदान सगळ्यात अवघड होतं. ताप, खोकला, सीटीवर डाग असं सगळं असूनही कारण जंतूचं नसू शकतं.

हॉजकिन लिम्फोमात दिलं जाणारं ब्लिओमायसिन फुफ्फुसाला इजा करू शकतं. मेथोट्रेक्सेटनेही तसं होतं. डासाटिनिबच्या गोळ्यांनी फुफ्फुसाभोवती पाणी साचतं. एपीएल प्रकारच्या ल्युकेमियात एटीआरए किंवा आर्सेनिकचा उपचार चालू असताना ताप, धाप आणि एकदम वजनवाढ झाली, तर तो औषधामुळे उद्भवणारा वेगळाच आजार असतो. त्यावर लगेच स्टेरॉईड द्यावं लागतं.

प्लेटलेट फार कमी असतील तर फुफ्फुसातच रक्तस्राव होतो. मायलोमात दिल्या जाणाऱ्या थॅलिडोमाइड, लेनालिडोमाइडने आणि एएलएलमधल्या अस्पॅराजिनेजने रक्ताच्या गुठळ्या होऊन त्या फुफ्फुसात अडकू शकतात. रक्त किंवा प्लेटलेट चढवल्यावर सहा तासांच्या आत दम लागला तर त्या चढवण्याचीच ती प्रतिक्रिया असू शकते. पांढऱ्या पेशी एक लाखाच्या वर गेल्या असतील तर त्या पेशीच फुफ्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या तुंबवतात. काही लिम्फोमात छातीच्या मध्यभागी गाठ वाढून श्वासनळी दाबते. असा रुग्ण उताणा झोपला की गुदमरतो, बसला की बरं वाटतं.

आता यांची औषधं पाहा. औषधाने झालेल्या इजेला स्टेरॉईड लागतं, पण तेच बुरशी असताना दिलं तर बुरशी फोफावते. गुठळीला रक्त पातळ करणारं औषध लागतं, रक्तस्राव असेल तर तेच जिवावर बेतेल. ‘काहीतरी सुरू करा, बघू फरक पडतो का’ ही पद्धत इथे चालत नाही ती यामुळे.

डॉक्टर कारण कसं शोधतात?

सुरुवात प्रश्नांनी होते. कोणता कॅन्सर, शेवटची केमो कधी, कोणती औषधं, रक्त कधी चढवलं, घरात कोणाला टीबी झाला होता का, शेतात किंवा गोठ्यात काम केलं का. केमोनंतर कितवा दिवस आहे, एवढ्यावरूनही अर्धा अंदाज बांधता येतो.

मग सीबीसी, ऑक्सिजनची पातळी आणि रक्ताचं कल्चर. कल्चरचं रक्त शक्यतो अँटिबायोटिकच्या आधी घेतात, पण त्यासाठी अँटिबायोटिक लांबवत नाहीत. घशा-नाकातला स्वॅब विषाणूंसाठी जातो. बेडका पडत असेल तर कल्चरला आणि टीबीच्या सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणीला पाठवतात. बेडक्यात कॅन्डिडा बुरशी सापडल्याचा रिपोर्ट आला तर घाबरून जाऊ नका. ती बहुतेक वेळा तोंडातली असते, न्यूमोनियाचं कारण नसते.

दम लागत असेल, किंवा चार-पाच दिवस अँटिबायोटिक देऊनही ताप उतरत नसेल, तर सीटी. दम असेल तर तो पहिल्याच दिवशी होतो. बुरशीची शंका असेल तर रक्तात गॅलॅक्टोमॅनन ही तपासणी करतात. ती ॲस्परजिलसची खूण पकडते, म्यूकरची नाही. म्हणून ती निगेटिव्ह आली तरी बुरशी नाहीच, असं म्हणता येत नाही.

तरीही उत्तर मिळालं नाही, तर दुर्बीण. नाकातून किंवा तोंडातून बारीक नळी श्वासनळीत नेतात, सलाईनचं थोडं पाणी फुफ्फुसाच्या त्या भागात सोडतात आणि परत ओढून घेतात. त्या पाण्यातून जंतू, टीबी, पीसीपी, बुरशी, विषाणू अशा एकदम बऱ्याच तपासण्या होतात. गॅलॅक्टोमॅननही रक्तापेक्षा या पाण्यात जास्त खात्रीने सापडतं. पाणी दर वेळी जास्त लाल येत गेलं तर आत रक्तस्राव असल्याचं कळतं.

‘आधीच अशक्त आहे, त्यात दुर्बीण नको’ असं घरच्यांना वाटणं साहजिक आहे. ऑक्सिजन फार कमी असेल तर डॉक्टरही थांबतात, कारण दुर्बिणीनंतर तो आणखी घसरू शकतो. प्लेटलेट कमी असल्या तरी नुसतं पाणी काढणं बऱ्याच वेळा जमतं, तुकडा काढायला मात्र त्या जास्त लागतात. दर वेळी उत्तर मिळतंच असंही नाही. पण जितक्या लवकर करावी तितकी मिळण्याची शक्यता जास्त. दहा दिवस पाच औषधं देऊन झाल्यावर केलेल्या दुर्बिणीतून फारसं काही हाती लागत नाही.

टीबी समजून गेलेले महिने

आपल्याकडची एक वेगळी अडचण इथे सांगायला हवी. मानेत किंवा छातीत गाठी, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजन घटणं ही टीबीची लक्षणं. लिम्फोमाचीही हीच. तुकडा न तपासता टीबीचं औषध सुरू होतं आणि दोन-तीन महिन्यांनी, गाठ वाढतच राहिल्यावर, कॅन्सरचं निदान होतं. भारतातल्या डॉक्टरांनी हे वारंवार नोंदवलं आहे.

उलट बाजूही आहे. कॅन्सरच्या रुग्णात खरोखर टीबी असतो आणि तो बुरशी किंवा न्यूमोनिया समजून सुटतो. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक टीबीला थोडं दाबतं. चार दिवस बरं वाटतं आणि बेडक्यात टीबी सापडणं अवघड होतं.

टीबीच्या गोळ्या ‘घेऊन बघायच्या’ नाहीत त्या आणखी एका कारणाने. त्यातल्या रिफाम्पिसिनमुळे व्होरिकोनाझोल आणि इमाटिनिबसारख्या औषधांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. म्हणजे एका अंदाजापायी दुसरा उपचार वाया जातो. सीबीनॅट आणि ट्रूनॅट सरकारी यंत्रणेत मोफत आहेत. गाठ असेल तर त्याआधी तिचा तुकडा तपासायचा. आणि तुकडा काढण्याआधी स्टेरॉईडची सुई घ्यायची नाही. लिम्फोमाची गाठ स्टेरॉईडने काही दिवसांत विरघळू लागते, मग तुकड्यातही निदान होत नाही.

गावात आणि घरी काय करायचं?

घरात थर्मामीटर आणि ऑक्सिमीटर असू द्या. करोनात आशाताई घरोघरी जे बोटाला लावत होत्या, तेच यंत्र. बसल्या जागी ऑक्सिजन ९४ च्या खाली गेला तर लगेच दवाखाना गाठायचा. बसून ९६ आणि अंगणात पाच-सहा मिनिटं चालल्यावर चार अंकांनी खाली आला, तरी तो इशारा आहे. बसूनच धाप लागत असेल तर चालवून बघू नका, थेट १०८ ला फोन करा. त्या गाडीत ऑक्सिजन असतो.

कॅन्सरच्या डॉक्टरांचा किंवा वॉर्डचा नंबर घरातल्या प्रत्येकाकडे हवा. ताप आला की पहिला फोन तिकडे करायचा. लांबचा प्रवास असेल तर पहिला अँटिबायोटिकचा डोस जवळच्या दवाखान्यात घेऊन निघता येईल का, हे त्यांनाच विचारा.

स्थानिक डॉक्टरांना एवढंच सांगणं : अशा रुग्णाला कमरेत सुई देऊ नका, प्लेटलेट कमी असतील तर तिथे रक्त साकळतं. डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन नको. डेक्सा किंवा दुसरं कोणतंही स्टेरॉईड कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नको. आणि जे काही दिलं ते नाव आणि वेळेसह चिठ्ठीवर लिहून द्या. पुढच्या डॉक्टरांना त्या चिठ्ठीचा मोठा उपयोग होतो.

निघताना फाइल, डिस्चार्ज कार्ड, केमोच्या तारखा, जुने सीबीसी आणि सीटीचा रिपोर्टच नाही तर त्याची सीडी किंवा फिल्मही सोबत घ्या. जुन्या डागाशी नवा डाग ताडून पाहता आला तर निदानाचे दिवस वाचतात. आधार आणि रेशनकार्डही ठेवा. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कोणती तपासणी बसते, हे दाखल होतानाच आरोग्यमित्रांना विचारून घ्या.

पेशी कमी असण्याच्या दिवसांत सोयाबीनची मळणी, कडब्याची गंज रचणं, शेणखत भरणं, घराचं पाडकाम यांपासून रुग्णाला लांब ठेवा. सुगीत सगळं घर रानात असताना हे जड जातं, पण हे काही आठवड्यांपुरतंच आहे. बाहेर पडताना मास्क. सर्दी झालेल्या पाहुण्याने भेटायला येऊ नये. तसं स्पष्ट सांगण्यात गैर काही नाही.

थोडक्यात

– केमोनंतर ताप १००.४ च्या वर टिकला तर त्याच दिवशी, त्याच तासाला फोन आणि दवाखाना.
– एक्स-रे नॉर्मल असला तरी ताप किंवा दम चालू असेल तर सीटीबद्दल विचारा.
– स्टेरॉईड आणि टीबीची औषधं अंदाजाने सुरू करू नका.
– सेप्ट्रानसारख्या प्रतिबंधक गोळ्या स्वतःहून बंद करू नका.
– दिलेल्या प्रत्येक औषधाचं नाव आणि वेळ लिहून ठेवा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. औषधाबाबतचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)